एकाच झाडाची पूड

गारिन दुत्सेच्या बाजारात देलूच्या कुकेला तोड नव्हती, आणि हे देलू स्वतःच सगळ्यांना सांगायची. गोरखचिंचेचा पाला वाळवून कुटला की होते ती कुका. ती पडली नाही तर आमटी बुळबुळत नाही, आणि आमटी बुळबुळली नाही तर बाजरीची उकड घशाखाली उतरत नाही. म्हणून तिकडे मुलगी कोणाला दिली याच्याइतकीच चौकशी कुका कोणाची आणली याचीही होते. देलूची कुका वस्त्रगाळ असे. वर्षभर ठेवली तरी गुठळी धरत नसे की अळी पडत नसे.

यामागे मेहनत होती. गावाबाहेर एक भला मोठा सपाट खडक होता. पावसाळा सरताना पाला उतरवला की देलू टोपल्या डोक्यावर घेऊन त्या खडकावर जायची, पान न् पान सुटं करून पसरायची आणि शेळ्या हाकलत तीन दिवस उन्हात बसायची. पाला हातात धरताच चुरा व्हायला हवा, असा तिचा कायदा होता. मग सगळा एकदम कुटून, दोनदा चाळून, मडकी भरून तोंडं लिंपून टाकायची.

कुडापलीकडे शेजारीच तबावा राहायची. तबावा तिची आतेबहीण. आते-मामे भावंडांनी एकमेकांची आयुष्यभर थट्टा करायची, एकमेकांना बटीक म्हणायचं, न विचारता एकमेकांच्या घरातलं उचलून न्यायचं आणि रागवायचं नाही, ही तिथली रीत. या दोघी ती रीत चाळीस वर्षं अगदी मन लावून पाळत होत्या. आजोबांनी लावलेली गोरखचिंचेची चार झाडं दोघींत सामाईक होती आणि पाला एकाच दिवशी उतरायचा. पुढे मात्र वाटा वेगळ्या. तबावा आपला वाटा झोपडीत न्यायची, खाटेखाली आणि खाटेच्या आजूबाजूला पसरायची आणि विसरून जायची. आठ-दहा दिवसांनी कधीतरी तो सुकायचा. कुटायचा तर तिला त्याहून कंटाळा. पानं तशीच गाडग्यात कोंबून ठेवायची आणि आमटी चुलीवर चढली की मूठभर काढून खलायची.

“तुझ्या कुकेला झोपेचा वास येतो,” देलू म्हणायची.

“आणि तुझ्या कुकेला घामाचा,” तबावा म्हणायची. “बटकीनं केलेल्या कामाला तो यायचाच.”

त्या वर्षी थंडीत, वारा वाळवंटातली धूळ घेऊन येऊ लागला तेव्हा, देलूची थोरली मुलगी बल्की पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. अंगानं बरी दिसत होती. पहिल्याच संध्याकाळी ती अंगणातल्या उखळावर आपटली. दुसऱ्या संध्याकाळी भाताच्या पातेल्यात तिचा पाय गेला. तिसऱ्या दिवशी खरं काय ते बाहेर आलं: सूर्य मावळला की बल्कीला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दिवसा सुईत दोरा ओवणारी पोरगी, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की भिंत चाचपत चालायची. सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासू, गांबो, स्वच्छ बोलली होती, “नामकरणाच्या दिवशी मी येईन. रात्रीचं दिसायला लागलं असेल तर लेकरू तुझं. नाहीतर मी घेऊन जाईन. आंधळीच्या हातात मी नातवंड ठेवणार नाही.” आणि तिचं चुकलं असं कोण म्हणणार होतं?

 देलूला मात्र यावर काही बोलता येत नव्हतं. पहिल्या अपत्याची आईनं लाज धरायची, हीही तिथली रीत. त्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत त्याला जवळ घ्यायचं नाही, मान वर करून त्याच्याकडे पाहायचंही नाही. देलूच्या आईनं देलूला असंच वाढवलं होतं. धाकट्या तिघांना देलू दिवसभर नावानं हाका मारायची, शिव्याही नावानं द्यायची. बल्कीला मात्र एकोणीस वर्षांत तिनं एकदाही बल्की म्हटलं नव्हतं. तिच्यासाठी हाक एकच होती: “ए.”

मग एका संध्याकाळी ते विहिरीवर घडलं.

बायकांची गर्दी होती. उजेड जात चालला होता आणि बल्की, आपल्याला अजून थोडं दिसतंय या भरवशावर, घागर घेऊन पुढे निघाली होती. विहिरीचा काठ जेमतेम गुडघ्याएवढा, आणि एका बाजूला तोही ढासळलेला. बल्की नेमकी त्याच बाजूला चालली होती. देलूनं पाहिलं आणि ओरडली, “ए! ए!”

दहा बायकांनी वळून पाहिलं. बल्कीनं नाही पाहिलं. ‘ए’ काय, कोणालाही असतं. देलूच्या तोंडाशी नाव आलं, आणि एकोणीस वर्षांची सवय त्याच्या आडवी पडली.

“बल्की! थांब!” मागून तबावा गरजली.

बल्की थांबली. पायाखालचा एक खडा घरंगळला आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात वाजला.

तबावानं जाऊन तिला दंडाला धरून मागे आणलं. देलूच्या समोर उभी राहिली. थट्टेचा मागमूस नव्हता. “आजपासून ही माझ्याकडे राहील,” ती म्हणाली. “माझं तोंड मोकळं आहे.”

देलूनं मान डोलावली. ती रात्र तिनं कशी काढली ते तिचं तिला माहीत.

सकाळी ती दवाखान्यात गेली. सुईण हादिझा वयानं देलूहून बरीच लहान होती, पण तिनं अर्धं गाव जगात आणलं होतं, म्हणून सगळे तिला मान देऊन बोलत.

“शेळीचं काळीज खाऊ घातलंत?” रातांधळेपणाचं ऐकून हादिझानं विचारलं.

“घातलं. तिला उलटी होते.”

“मग गोळी बाळंत झाल्यावर. पोटुशीला एवढी जोरकस गोळी देता येत नाही. तोवर हिरवं खाऊ घाला.”

देलूचा पारा चढला. “हिरवं? बाई, मी जन्मभर हिरवंच विकत आलेय. लग्नात पोतंभर कुका दिली मी तिला. सासरी रोज तीच खात होती.” आणि तिनं ओटीतली पुडी सोडून समोर धरली. देलू पुडीशिवाय कुठे जात नसे, कोण कधी गिऱ्हाईक भेटेल सांगता येतं का!

हादिझानं चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि दारातल्या उजेडात धरली. बोटानं पसरून पाहिली.

“मावशी, वाईट वाटून घेऊ नका,” ती हळूच म्हणाली. “हे हिरवं आहे का?”

देलूनं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आपल्या पुडीचा बारीकपणा सोडून रंग पाहिला. तो रंग वाटेवरच्या धुळीचा होता.

“डोळ्यांना जे लागतं ते त्या हिरव्यात असतं,” हादिझा म्हणाली. “कडक उन्हात ते उडून जातं. एरवी माणूस थोडक्यावर भागवतं. पण पोटातलं आधी आपल्याला हवं ते घेतं, मग उरलं तर आईला.”

देलू परतली ती तडक तबावाच्या झोपडीत शिरली, गाडग्यातून मूठभर पानं काढली आणि हातानंच चुरडली. मग एका तळहातावर ती आणि दुसऱ्यावर आपली पूड घेऊन ती उन्हात उभी राहिली. झाडं तीच. पानं एकाच दिवशी, एकाच शिडीवरून उतरलेली. एका हातात पावसाळ्यातलं रान होतं आणि दुसऱ्या हातात माती. तीन दिवस ती खडकावर बसून शेळ्या हाकलत होती आणि खरा खाणारा डोक्यावर बसून निवांत खात होता. आख्खा तालुका तिची कुका नेत होता आणि दिव्याखाली अंधार, तोही शब्दशः, तिच्याच घरात.

“चोरी करतेस का गं, बटके?” दारातून तबावा म्हणाली.

“हो,” देलू म्हणाली. “मला तुझी कुका हवी.”

तबावा थट्टेचं वाक्य तोंडात घेऊनच आली असावी, पण देलूचा चेहरा पाहून ते तिनं गिळलं. सगळं मात्र तिला गिळवेना. “चाळीस वर्षं लागली तुला,” ती म्हणाली. “माझ्या आळसाला इतकी थोर फळं लागतील हे मलाही माहीत नव्हतं, नाहीतर आणखी झोपले असते.”

त्या दिवसापासून देलू रोज दुपारी तबावाच्या अंगणात येऊन ती काळपट हिरवी पानं कुटायची. चाळायची नाही. आमटीत, बाजरीच्या पेजेत, चवळीच्या भज्यांच्या पिठात, जिथे जाईल तिथे मूठ घालायची, आणि तबावा वरून शेंगदाण्याचं तेल हात सैल सोडून ओतायची. बल्कीनं कुरकुर केली की तबावा म्हणायची, “गीळ. तुझ्या आईनं माझे पाय धरलेत यासाठी.”

आठ दिवस गेले. संध्याकाळ झाली की देलू कुडाच्या आडून पाहायची. बल्की हात पुढे धरूनच चालायची. बारा दिवस गेले. हादिझा येऊन पोट बघून म्हणाली, आता दहा-पंधरा दिवस. देलूनं नमाजात मागायचं तेवढं मागितलं. मडकी भरभरून ठेवलेल्या आपल्या पुडीकडे ती आता बघतही नसे.

अठराव्या दिवशी सूर्य मावळला, नमाज झाला, कोंबड्या खुराड्यात गेल्या. देलू तबावाच्या अंगणात उखळाशी बसून राहिली होती. धुळीमुळे उजेड लवकरच मेला होता. समोरचा कूड कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते तिच्या स्वतःच्या डोळ्यांनाही नीट कळत नव्हतं.

बल्की झोपडीतून बाहेर आली. दाराशी थांबली. मग चालू लागली. हात पुढे नव्हते. एक हात पोटावर होता आणि एक मोकळा. वाटेत तबावाचं पातेलं पडलं होतं, तिनं त्याला वळसा घातला. शेळीचा दोर आडवा होता, त्यावरून पाय उचलला.  हलावं तर हे मोडेल असं देलूला वाटलं. एका झाडाचा पाला, फक्त पाला! तो सावलीत राहिला म्हणून एका माणसाला संध्याकाळ परत मिळत होती. हे देवानं केव्हापासून तिच्या डोक्यावर फांदीला टांगून ठेवलं होतं, आणि ती त्याच्याखाली उभी राहून वजनं करत होती.

बल्की उखळापाशी येऊन थांबली. वाकून तिनं पाहिलं.

“आई,” ती म्हणाली, “तू रडतेयस?”

रीत अशी की देलूनं मान फिरवायची. अंगणात तबावा होती, तिची पोरं होती, कुडापलीकडे शेजारणी होत्या. देलूनं मान फिरवली नाही. त्या अंधारात तिनं मुलीचा चेहरा पाहिला, हनुवटीवरची जखमेची खूण पाहिली, जी कधी आणि कशी झाली ते तिला कधी विचारता आलं नव्हतं.

“बल्की,” ती म्हणाली.

बल्कीनं चटकन मागे वळून पाहिलं. अंगणभर नजर फिरवून ती शोधत होती, आपल्याला हाक कोणी मारली.