तारेचं टोक

आठ दिवस झाले, म्हाताऱ्याच्या बाथरूममधल्या शॉवरला पाणी नव्हतं. "पंप गेलाय, बाबा. कंपनीचा माणूस येईल," असं म्हणून मुलाने नळाखाली बादली सरकवली होती. पंप दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं हाडं झिजवलेल्या म्हाताऱ्याला मिरच्या झोंबल्या. कंपनीचा माणूस म्हणे! स्क्रू कुठला नि खिळा कुठला ते न कळणारं पोरगं येणार, आणि मी टॉवेल गुंडाळून त्याची वाट बघत बसू?

रविवारी दुपारी मुलगा आडवा झालेला बघून त्याने पाना काढला. फ्यूज शाबूत होता. जाळी स्वच्छ होती. बटण दाबलं तर मोटार खणखणीत फिरली, पण कोरडीच. म्हणजे पंप बिचारा निर्दोष होता, त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नव्हतं.

पाइपचा माग काढत तो स्टुलावर चढला. माळ्यावरच्या टाकीतून फक्त पंपाकडे जाणारा कॉक बंद होता, आणि तारेने आवळून बांधलेला होता. तीन वेढे, आणि टोक आत वळवलेलं. पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून तार अशी बांधायची, हे त्याने जन्मात एकालाच शिकवलं होतं.

"तुम्ही अर्धा अर्धा तास पाणी सोडून उभे राहता, बाबा," मुलगा दारात येऊन म्हणाला. "सांगून ऐकता का?"

म्हाताऱ्याने तारेवरून बोट फिरवलं.

"टोक आत वळवलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "नाहीतर लागलं असतं."