निसणीवरची पन्नास मिनिटं

चौथ्यांदा महेंद्रनं सायकल खांद्यावर घेतली आणि तो निसणी चढायला लागला. डावा गुडघा फुटला होता. रक्त पावसानं धुऊन पोटरीपर्यंत ओघळलं होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो फक्त तिसऱ्या टप्प्यापाशी चाक कुठं घसरतं एवढाच विचार करत होता.

निसणी म्हणजे डोंगराच्या सोंडेवरून हिरडेवाडीकडे उतरणारी वाट. कातळातच घडलेले सात-आठ टप्पे, कुठं वीतभर उंच, कुठं गुडघ्याएवढे. वाडीतल्या बायका एरवी डोक्यावर मोळी घेऊन ते सहज उतरत. पावसाळ्यात मात्र त्याही हात टेकत. तिसऱ्या टप्प्यानंतर वाट एकदम उजवीकडे वळायची आणि वळणावर शेवाळ धरलेला उतरता कातळ होता. तिथं पुढचा ब्रेक नुसता चेपला तरी माणूस सायकलीसकट खाली.

उन्हाळ्यात त्याला ही निसणी पाय न टेकता उतरायला जमली होती. ओल्यात कधीच नाही.

महेंद्र मूळचा नेवाशाकडचा. सपाट काळ्या रानातला, उसाच्या गाड्यांमागे सायकल हाणत शाळेला गेलेला. वडील कारखान्यात रोजंदारीवर. घरातला पहिला सरकारी नोकर तोच. आरोग्यसेवक म्हणून अकोले तालुक्याच्या या डोंगरात नेमणूक झाली तेव्हा पहिला पावसाळा त्यानं रडत काढला. बायको प्रज्ञा आणि लहान मुलगी नेवाशालाच. तापाच्या रोग्यांचं रक्त काचेवर घ्यायचं, विहिरीत औषध टाकायचं, लसी पोचवायच्या, आणि हे सगळं पायी. मग त्यानं रेंजर सायकल घेतली. सरळ हँडल, जाड खाचांचे टायर. सुरुवातीला निम्मी वाट तो तिला ढकलत न्यायचा. हळूहळू कळत गेलं की चाकांतली हवा थोडी कमी केली तर टायर दगडाला धरतो, उतारावर सीट सोडून मागं रेलायचं असतं, आणि पुढच्या चाकाकडे कधी बघायचं नाही, दोन दगड पुढं बघायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आयुष्यात बाकी सगळं तो कुणीतरी सांगितलं म्हणून शिकला होता. एवढं एक त्याचं स्वतःचं होतं.

१९९६ सालचा हस्त सुरू होता. परतीच्या पावसानं ओढ्यावरची फरशी वाहून गेल्यामुळे वाडीचा गाडीरस्ता बंद होता. सकाळी आरोग्य केंद्रात निरोप आला: हिरडेवाडीत दोन-तीन जणांना जुलाब लागलेत. असा निरोप दर पावसाळ्यात येई. डॉक्टरांनी पुड्या, गोळ्या आणि विहिरीत टाकायची पावडर दिली. मग थांबून सलाईनच्या दोन बाटल्याही पिशवीत घातल्या.

"असू द्या. गरज पडली तर लावा. तुम्हाला शीर लवकर सापडते."

दहाला तो निसणीच्या माथ्यावर होता. वारा पडला होता, धुकं येत-जात होतं, दगड चकाकत होते. पाठीवर पिशवी घेऊनच तो उतरला आणि वळणावर पडला. बाटल्या शाबूत होत्या. तिथून सायकल हातात धरून खाली गेला असता तर पंधरा मिनिटांत वाडीत पोचला असता.

तो खाली गेलाही. पायथ्याशी एका कपारीत, पावसाचं पाणी लागणार नाही अशी, पिशवी नीट ठेवली. आणि रिकाम्या पाठीनं सायकल उचलून परत वर चढला.

पुढं कित्येक वर्षं त्याला आठवायचं ते हेच. पडणं नाही, चढणं नाही. पिशवी ठेवताना आपण तिचा बंद आत सारला होता, हे.

पाचव्या खेपेला जमलं. तिसऱ्या टप्प्यावर त्यानं ब्रेक सोडूनच दिला, अंग मागं टाकलं, आणि चाक शेवाळावरून घसरतं न घसरतं तोच पुढच्या दगडाला लागून सरळ झालं. उरलेले टप्पे कसे गेले ते त्याला कळलंही नाही. खाली आल्यावर तो मोठ्यानं ओरडला. शब्द नव्हता, नुसता ओरडला. समोरच्या डोंगरावरून आवाज फिरून आला, तसा तो एकटाच हसला.

मग त्यानं घड्याळ पाहिलं. अकराला दहा मिनिटं कमी होती.

पिशवी पाठीला लावून तो भातखाचरांच्या बांधावरून निघाला. निम्म्या वाटेवर असताना वाडीतून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. एकदम, सगळ्या मिळून. असा आवाज कशाचा असतो हे त्याला चांगलं माहीत होतं. सायकल बांधावर टाकून तो पळत सुटला.

सहादेवच्या दारात माणसं उभी होती. सहादेवची बायको लंकाबाई आत पटकुरावर पडली होती. डोळे आत गेलेले, बोटांची कातडी सुरकुतलेली. हात अजून गरम होता. महेंद्रनं मनगट धरलं, मग मान चाचपली, मग छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"आत्ताच," सहादेव म्हणाला. "आत्ता, तुमी यायच्या म्होरं जरा."

ही बाई त्याला दर खेपेला ओट्यावर बसवून घ्यायची. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं आपलं आडनाव, गाव, सगळं आधीच सांगून टाकलं होतं, मागून कुणाला अवघड वाटायला नको म्हणून. ती म्हणाली होती, "आन् मी काय इचारलं का तुला? बस की खाली."

"रात्रीपासनं लागलं तिला," सहादेव सांगत होता. "सकाळच्यापारी बोलत हुती. मंग बोलनं गेलं."

"डाक्टर, आईला बघा," कुणीतरी म्हणालं. वाडीत सगळे त्याला डाक्टरच म्हणत. कोपऱ्यात सहादेवची म्हातारी आई, साळूबाई, कण्हत होती. महेंद्र उठला. म्हातारीच्या हाताला शीर सापडत नव्हती. तिसऱ्या खेपेला सापडली. एक बाटली संपली, दुसरी लावली. आणखी चौघं आजारी होती. त्यानं पाणी उकळायला लावलं, पुड्या कालवल्या, घराघरांत जाऊन चमच्यानं पाजल्या. विहिरीत पावडर टाकली. दुपारपर्यंत म्हातारीनं डोळे उघडले आणि सुनेला हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

लंकाबाईला चारच्या सुमाराला नेलं. ओली लाकडं पेट घेत नव्हती. पावसाची भुरभुर चालूच होती आणि सगळे पुरुष ज्याच्या त्याच्या घोंगडीत उभे होते. सहादेवचा धाकटा भाऊ बन्सी महेंद्रच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं महेंद्रच्या गुडघ्याकडे बघितलं.

"लई लागलं का?"

"नाही. खरचटलंय."

"मी बघत हुतो की. सकाळपासनं खाचरात उभा हुतो, तुमच्या वाटंकडं डोळं लावून. धुकं सरलं तसं दिसला. पडला, उठला. पुन्ना वर गेला, पुन्ना पडला." बन्सीनं नाक पुसलं. "काय हरवलं हुतं का वर? मला वाटलं औषीद पडलं आसंल, ते हुडकाया चढताय."

महेंद्रनं तोंड उघडलं. आजूबाजूची माणसं ऐकत होती.

"आन् शेवटाला आरडला, ते बी ऐकलं. काळीज हाललं माजं. म्हनलं पाय मोडला बाबा. तरी आलाच तुमी." मग बन्सी बाकीच्यांकडे वळला. "मी तवाच पळत येऊन वैनीला सांगितलं, आला गं डाक्टर, निसणीला हाय. ती दाराकडं बघाया लागली. शेवटपातूर बघत हुती."

चितेला जाळ लागला.  त्या दिवशी खरं सांगायचं राहिलं ते महेंद्रला पुढं कित्येक महिने सांगता आलं नाही.

परत जाताना तो निसणी सायकल हातात धरून चढला. त्यानंतर सायकल आरोग्य केंद्राच्या मागच्या पडवीत उभी राहिली ती राहिलीच. लोक विचारत, "काय डाक्टर, पायी?" तो म्हणायचा, "गुडघा दुखतो." तेही खोटंच.

एकदा त्यानं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, लंकाबाईला तासभर आधी सलाईन लागली असती तर?"

डॉक्टर नोंदवहीत लिहीत होते. "लागली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित नसतीही. तुम्ही काय उडत जाणार होता का? असा विचार करत बसलात तर नोकरी करता येणार नाही."

जानेवारीत तालुक्याच्या गावी त्याचा सत्कार झाला. भर पावसात, फुटल्या गुडघ्यानं, पाच वेळा पडूनही रुग्णांपर्यंत पोचणारा कर्मचारी. बन्सीनं सांगितलेली हकीकत वाडीतून सरपंचाकडे, सरपंचाकडून साहेबांकडे गेली होती. शाल, नारळ, प्रशस्तीचा कागद. नेवाशाहून प्रज्ञा मुलीला घेऊन आली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा मुलगी इतकी जोरानं टाळ्या वाजवत होती की पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. प्रज्ञानं तो कागद काच लावून घरात लावला. त्याची आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायची. तो घरी गेला की त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायचा. प्रज्ञाच्या ते ध्यानात आलं होतं, पण तिनं विचारलं नाही.

फाल्गुनात तापाची पाहणी निघाली आणि तो हिरडेवाडीला गेला. सहादेव खाचरात राब करत होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि काटक्या पसरून ठेवत होता, मागून जाळण्यासाठी. महेंद्र बांधावर बसला. सहादेवनं मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

"सहादेवभाऊ, एक सांगायचंय."

"सांगा की."

महेंद्रनं सांगितलं. आधी वाटेत खूप जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच तोंडात आलं नाही. काही हरवलं नव्हतं, औषध पडलं नव्हतं. पिशवी खाली ठेवून परत वर गेलो. सायकलीवरून ओली निसणी उतरायची होती मला. नुसती हौस. ओरडलो ते लागलं म्हणून नाही, जमलं म्हणून ओरडलो. पन्नास मिनिटं. मला माहीत नव्हतं वहिनींचं इतकं झालंय. पण आजारी कुणीतरी आहे एवढं माहीत होतं.

सहादेवचे हात थांबले होते. हातातला पाला त्यानं खाली ठेवला, काही काड्या निवडून बाजूला केल्या. पुन्हा तोच पाला उचलला.

"किती येळा चढला?"

"चार वेळा. उतरलो पाच वेळा."

"आन् जमलं म्हनता शेवटाला?"

"जमलं."

"हां," सहादेव म्हणाला.

तो वाकून पाला पसरत राहिला. महेंद्रला वाटत होतं, यानं काठी उचलावी, शिवी द्यावी, वाडीला हाक मारून सगळ्यांना गोळा करावं. त्याची त्याला तयारी होती. खरं तर तेवढ्यासाठीच तो आला होता.

"कुनाला सांगितलं हे?"

"नाही. आधी तुम्हाला. आता बन्सीला सांगतो, तुमच्या आईला सांगतो. साहेबांनाही लेखी देतो."

"न्हाई," सहादेव म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तो आता सरळ महेंद्रकडे बघत होता. "माज्या पोरींना हे कळता कामा न्हाई."

"सहादेवभाऊ—"

"ऐका. आमच्या वाडीसाठी आजपातूर कुनी पळालं न्हाई. मानसं मरत्यात, मागनं येऊन कुनीतरी कागद लिवून नेतंय. माज्या पोरी एकमेकींना सांगत्यात, आपल्या आईसाठी एक मानूस पाच डाव कातळावर आपटला तरी थांबला न्हाई. आई गेली, पर तिच्यासाठी कुनीतरी आलतं. तेवढंच हाय त्यांच्यापाशी." त्यानं हातातला पाला टाकला. "तुमाला हलकं व्हायचं म्हनून ते काढून घेनार का?"



"मग मी काय करू?"

"ते मला इचारू नगा. मी तुमाला माफ केलं आसंल, नसंल, मला बी ठावं न्हाई." सहादेव पुन्हा वाकला. "तुमी येत जा. औषीद टाकायला, रगत घ्यायला. बाकीचं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

बांधावरून कुणीतरी येत होतं. सहादेवची थोरली, माधुरी. बारा-तेरा वर्षांची, आश्रमशाळेतून सुटीवर आलेली, बापासाठी भाकरी घेऊन. महेंद्र उठला. त्याला बघताच ती पळत आली, भाकरीचं फडकं बांधावर ठेवलं आणि त्याच्या पाया पडायला वाकली.

महेंद्रनं पाय मागं घेतला. नकळत, चटका बसल्यासारखा. मुलगी वाकल्या जागीच थबकली आणि गोंधळून बापाकडे बघायला लागली.

सहादेव खाचरात कंबरेवर हात ठेवून उभा होता. तो मुलीकडे बघत नव्हता. महेंद्रकडे बघत होता.

महेंद्रनं मागं घेतलेला पाय पुढं आणला, दोन्ही पाय जुळवले, आणि तो तसाच उभा राहिला. मुलीचे हात पायांना लागेपर्यंत हलला नाही.