माझ्या पोटातला चोथा

मी केकचा डबा बोलतोय, आणि आज चिडून बोलतोय.

गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात पद्मजाताईंनी मला उलटं केलं, बोटांनी वाजवलं आणि दुकानदाराला विचारलं, "भैया, पतला तो नहीं है ना?" मला वाटलं, चांगल्या घरी पडलो. आता वाढदिवस, मेणबत्त्या, पोरांची चिकट बोटं! चौबे कॉलोनीत आलो तर वाट्याला काय? चोथा.

ताईंचे यजमान यज्ञेश्वरराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी रसाचं मशीन आणलं. रोज सकाळी संत्र्याचा रस. राव पेला रिकामा करून पेपर उघडतात, मागे उरतो वाटीभर चोथा. ताईंना अन्न टाकवत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तो फाटकाशी आलेल्या गाईला घातला. गाईनं हुंगला आणि ती निघून गेली. तेव्हाच कळायला हवं होतं! दुसऱ्या दिवसापासून तो केकच्या पिठात मिसळून माझ्यात.

बिया, पांढऱ्या शिरा, सगळं मशीननं भरडलेलं. चोथा आधीच ओला, त्यात ताई आणखी कपभर दूध ओतणार. कडा करपायच्या, मध्ये लगदा राहायचा. मी आतल्या आत ओरडायचो, "पिळून घ्या हो! बिया काढा!" डब्याचं कोण ऐकतं?

आणि खाणारे? सून निवेदिता म्हणायची, "मम्मी, बहुत अच्छा है, मैं बाद में खाऊँगी." राव घास कसाबसा गिळून म्हणायचे, "मस्त." तीन महिने मस्त! मग व्हायचं तेच झालं. महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंनी केक कबूल केला. साठ बायकांसाठी.

आदल्या दुपारी नमुन्याचा केक कापला. रावांनी एक घास खाल्ला आणि बशी खाली ठेवली.

"पद्मा, कडू आहे."

"आजचा?"

"पहिल्या दिवसापासून."

ताईंचा चेहरा उतरला. "मग तीन महिने काहून खाऊन राहिले होते तुम्ही?"

"तू इतकी खूश होती, मले सांगवलं नाही. पण उद्या साठ जणी तोंड वाकडं करतील, ते मले पाहवणार नाही."

ताई उठल्या. संत्र्यांची टोपली आणून त्यांनी रावांपुढे आदळली. "घ्या. एक जरी बी राहिली तं पाहा!"

राव पेपर अंथरून बसले. एकेक फोड सोलली, बिया काढल्या, मगच मशीन फिरलं. ताईंनी चोथा फडक्यात घट्ट पिळला. दुधाचा कप ओट्यावर तसाच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा केक माझ्यातून एका थापेत सुटला.

हळदीकुंकवाला केकचे तुकडे माझ्यातच रचून नेले, आणि मी रिकामा परतलो. चाटूनपुसून रिकामा! ताई घरभर गुणगुणत होत्या. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय? आता मंडळातल्या बायका आपापल्या घरचा चोथा ताईंकडे पाठवतात. पपईचा, बिटाचा. आज मीनलताईंकडून कारल्याचा आलाय. "पाहू का करून?" ताई हौसेनं विचारताहेत, आणि राव पुन्हा पेपरमागे लपलेत.

यज्ञेश्वरराव, तो पेपर खाली ठेवा. तुमच्या तोंडून एकच शब्द हवाय, आणि तो 'मस्त' नाही. लवकर बोला, ओव्हन तापतोय.