बहिणीचा गूळ

कऱ्हाडहून निघताना आत्याने डिकीत गुळाच्या दोन ढेपी ठेवल्या आणि माझं डोकं फिरलं. एवढं वजन घेऊन गाडी लिटरला पंचवीसचं अ‍ॅव्हरेज कशी देणार? माझे वडील, म्हणजे दादा, शांतपणे म्हणाले, "बहिणीच्या गुळाचं वजन न्हाई लागत."

हायवेला मी ऐंशीच्या वर गेलेच नाही. ट्रकही पुढे निघून जायला लागले तेव्हा दादा वैतागले. "वैभवी, बैलगाडी हाकतीयास व्हय?"

मी गाडीच्या स्क्रीनवरच्या अ‍ॅव्हरेजवर बोट ठेवलं. तेवीस पॉइंट आठ. खंबाटकीच्या बोगद्यापुढे उतार लागला आणि चोवीस झाले. मग मात्र दादांची नजर त्या आकड्यावरून हलेना. एसी त्यांनीच बंद केला. पुढे गाड्यांचे लाल दिवे दिसले की माझ्याआधी तेच म्हणायचे, "पाय काढ, पाय काढ." गाडी आपसूक हळू व्हायची, ब्रेक लागायचाच नाही. पौड मागे पडलं आणि पंचवीस लागले. मी हॉर्नच वाजवला.

कोळवणला आमच्या घराचा चढ आला तसे दादा म्हणाले, "हितंच थांब. वर नेलीस तर आकडा उतरंल."

"आणि गूळ?"

ते कधीच उतरले होते. एक ढेप खांद्यावर घेऊन ते चढाला लागले आणि अर्ध्यात धापा टाकत वळले.

"इंजिन बंद कर आधी, फुकट जळतंय. तुझ्या आईला आकडा दाखवाया आणतो. आन् दुसरी ढेप तू घे. वजन न्हाई लागत."