परीक्षेचा पाठ

चाकणच्या कारखान्यांमागच्या त्या शाळेत झिली तीन महिने एक अक्षर बोलली नव्हती. ओडिशाहून आलेली, सात वर्षांची. आईबाप दोघंही पहाटेच्या शिफ्टला. डी.एड. करणारी मिनल आकुर्डीहून इथे सरावाला आली आणि मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून खिचडी खाऊ लागली. झिलीच्या आईकडून तिने चार उडिया शब्द मागून घेतले. गेल्या आठवड्यात झिली हळूच म्हणाली, "बोउ कंपनीत." बोउ म्हणजे आई. लेकराने पहिलं पाऊल टाकावं तसं मिनलला भरून आलं. तिने ते वहीत लिहून ठेवलं.

आज मिनलचा परीक्षेचा पाठ होता, 'माझं घर'. नाना भाषांची पोरं ती कशी सांभाळते, हेच परीक्षक पाहणार होत्या.

"न बोलणारी पाच पोरं शेजारच्या वर्गात बसव," वर्गशिक्षिका इंदुताई म्हणाल्या. "सगळेच करतात गं."

"पण ताई, झिली बोलते आता."

"तुझ्याशी! पाहुण्यांपुढे दातखीळ बसली तर? दोन वर्षं पाण्यात जातील तुझी."

मिनलने स्वतःच झिलीचा हात धरून तिला शेजारच्या वर्गात नेलं. "गप्प बसायचं हं." 'गप्प' हा शब्द शाळेने झिलीला पहिल्याच दिवशी शिकवला होता. तिने शहाण्यासारखी मान हलवली.

पाठ रंगला. पढवलेली पोरं पटापट उत्तरं देत होती. परीक्षक विजयश्री मॅडम खूश झाल्या, आणि मिनलची वही चाळता चाळता थबकल्या. "ही झिली बोलू लागली म्हणता? कुठंय? बोलवा की."

झिली आली.

"तुझी आई कुठे असते, बाळ?"

झिलीने मिनलकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले.

"बोउ कुठंय, झिली? सांग ना गं. आता बोलायचं." मिनल गुडघ्यांवर बसली. पण तिच्या चार उडिया शब्दांत 'बोल' नव्हता.

"एवढं रंगवून कशाला लिहायचं, मिनल? मूल मंद दिसतंय." मॅडमनी शेरा लिहिला: विशेष शाळेसाठी तपासणी व्हावी. "सही करा. पाठाचं काही नाही, पाठ उत्तमच झाला."

मीच तिला गप्प बसवलं, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. मग पाठही गेला असता. इंदुताई खिडकीबाहेर बघत होत्या. झिली मिनलच्या ओढणीचं टोक धरून उभी होती, काही चुकलं का ते विचारणाऱ्या डोळ्यांनी.

मिनलने पेन घेतलं आणि सही केली, तारखेसकट.