वीस पावलांचा साकव

मी साकव. खरं सांगायचं तर होतो. आता पुलाच्या कडेला पडलेलं एक लाकूड आहे, पण आमच्या वाडीत मला कुणी ओंडका म्हणत नाही. "साकवावर बस जरा," असंच म्हणतात. तेवढ्यावर मी समाधान मानतो.

मी ऐनाच्या दोन खोडांचा. १९५५ साली डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतल्या नवशाने ती खोडं दाखवली आणि आमच्या धर्माजीने बैलजोडी लावून ओढत आणली. कारण एकच होतं. धर्माजीची लेक विठा चौथी पास झाली होती आणि पुढची शाळा ओढ्यापलीकडं, कडावला होती. खोडं शेजारी शेजारी टाकली, वर बांबूच्या कांबट्या बांधल्या, एका बाजूला धरायला कठडा केला. या काठापासून त्या काठापर्यंत मोजून वीस पावलं.

पहिल्या दिवशी पोर मधेच थांबली आणि रडायला लागली. धर्माजी मागेच होता. तो म्हणाला, "पान्याकडं बघू नको गं. पलीकडं बघ." तिने पलीकडं बघितलं आणि गेली. मग ती पलीकडंच बघत राहिली. मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली, लोकांचे अर्ज घेऊन खालापूरच्या कचेरीत भांडू लागली.

माझी एक रीत होती. दिवाळी झाली की वाडी मला ओढ्यावर घालायची आणि मृगाच्या आधी काढून विहारामागे ठेवायची. पावसात ओढ्याची नदी होते, तिच्यापुढं माझा काय पाड? चार महिने लोक वरच्या गावच्या मोरीवरून तीन मैलांचा वळसा घेत. बांधायचा आणि काढायचा मान धर्माजीचा. माझी गाठ त्याच्याशिवाय कुणी बांधली तर ती तो सोडून पुन्हा बांधी.

आणखी एक गंमत सांगतो, म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती. पलीकडच्या गावचे लोक उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत येत, पण माझ्यावर पाय ठेवत नसत. का, ते तुम्हाला सांगायला नको. वाडीने बुद्धाचा धम्म घेतला तरी त्यांचे पाय ओलेच होत राहिले. मग १९७८ साली विठा आमदार झाली, आणि तेच लोक हार घेऊन, वाजंत्री घेऊन माझ्यावरून आले. मी त्यांचं ओझं मोजत बसलो नाही. पण मनातून हसलो, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवशी विहारात ती म्हणाली, पहिला आपल्या ओढ्यावरचा पूल करते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धर्माजीने तेवढ्या वाजवल्या नाहीत. शेवटी उठला आणि म्हणाला, "आमचा साकव हाय. ठाकूरवाडीच्या बाया दीड कोस पानी वाहतात. त्यांचं आदी कर."

मी फुगलो. आपल्या भरवशावर आमदाराला सांगितलं जातंय याचा मला केवढा अभिमान वाटला! आता आठवलं की लाज वाटते. मी जरा मोडका, जरा डळमळीत असतो तर पूल आधी झाला असता.

तिने बापाचं ऐकलं. ठाकूरवाडीला पाणी आलं, कळंबकडच्या दोन वस्त्यांना रस्ता झाला. तीन वर्षं गेली. कितीही कामं असली तरी आषाढी पौर्णिमेला ती वाडीत यायची. त्या दिवशी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं. ती जीप पलीकडं सोडायची, चपला हातात घ्यायची आणि वळशाच्या वाटेने चिखल तुडवत यायची. घरी पोचली की तिची आई पुतळाबाई तिच्या पायांवर कळशीभर पाणी ओतायची.

१९८१च्या आषाढात तिचं पत्र आलं. पूल मंजूर झाला होता. पौर्णिमेला इंजिनियर साहेबांना घेऊन जागा दाखवायला येणार होती.

ते पत्र ऐकलं आणि धर्माजीच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. साठी उलटलेला माणूस. त्याला वाटलं, परक्या साहेबासमोर आपली लेक चिखलात चालणार, आमदार असून. दोन दिवस उघाड होती, ओढा उतरला होता. जन्मात केलं नव्हतं ते त्याने केलं. वाडीतल्या चार जणांना घेऊन भर आषाढात मला ओढ्यावर घातलं. नवशा त्याला म्हणालाही, "धर्माजी, आकाड हाय. डोंगरात काळं झालंय." धर्माजी हसून म्हणाला की घटकाभराचं तर काम आहे, ती आली की काढू. आणि खरं सांगू? मीही खूश होतो. साहेब मला बघणार होता.

ती दहाच्या सुमाराला पलीकडच्या काठावर आली. तिच्या हातात चपला होत्या. साहेबाने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि पायांत जुने बूट घातले होते, कारण तिनेच त्याला सांगून ठेवलं होतं की आपल्याला चालत जायचंय. तिला कुणाची लाज वाटतच नव्हती. हे धर्माजीला कुणी सांगायचं?

तो मधोमध बसून एक सैल कांबटी आवळत होता. मला बघून ती पहिल्यांदा थबकली, मग पुढं धावली.

"बा, मागं फिर. आमी वळशानंच येनार हाय."

"झालं गं," तो म्हणाला, "येवढी एक गाठ."

वरून, डोंगराच्या अंगाने, लोंढ्याचा आवाज आला. सव्वीस वर्षं लेकीला जे सांगितलं ते तो स्वतः विसरला. त्याने पाण्याकडं बघितलं.

मी त्याला धरू शकलो नाही. एवढंच मला सांगायचं होतं, बाकी सगळं बोलणं त्याच्याभोवतीचं.

माझं दुसरं खोड कायमचं गेलं. मी खाली एका उंबराला अडकलो. धर्माजी दुसऱ्या दिवशी सापडला, माझ्यापासून थोड्याच अंतरावर. नवशाने मला जाळू दिलं नाही. पूल झाला तेव्हा त्यानेच मला त्याच्या टोकाशी, वाडीच्या बाजूला आणून ठेवलं.

पुलाला पाच वर्षं झाली. त्यावरून टेंपो जातात, शाळेची पोरं जातात, बाळंतिणी जातात. फक्त ती येत नाही. आषाढी पौर्णिमेला जीप पलीकडं थांबते. ती उतरते, चपला हातात घेते आणि तीन मैलांच्या वळशाला लागते.

यंदाही तसंच झालं. पुतळाबाई माझ्यावर बसली होती, शेजारी पाण्याची कळशी. लेक समोर, वीस पावलांवर. म्हातारीने हाक मारली नाही. नुसती म्हणाली, "येऊ दे तिला तिच्या वाटंनं." मग दीड तास तशीच बसून राहिली.

पण तिला आता कमी दिसतं. मलाही वाळवी लागली आहे, अजून किती आषाढ तिला बसायला जागा देईन सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला विनवतो. कुठं विठा भेटली तर तिला सांगा, पूल पक्का आहे. त्याची एकही गाठ बांधायची राहिलेली नाही.