नऊ झाले, दहाव्यावर अडला

मित्रांनो, मध्ये बोलू नका, आधी नुसतं ऐका! मी एक कॅल्क्युलेटर आहे. तसा जुना नाही, फक्त माझं भागाकाराचं बटण रुतलंय. ते कुणी दाबून दाबून रुतवलं, तेच सांगतोय.

माझा मालक चष्मेवाला. दिवसभर दुकानात काचा घासायचा आणि दर रविवारी घरी कंपन्यांचे अहवाल. का, तर चांगले शेअर निवडायचे! पानोपानी पेन्सिलीच्या खुणा, आणि मध्ये ठोके खायला मी. बरं, इतकं करून हाती काय? याने घेतला की पडायचा, विकला की चढायचा. बायको एकदा म्हणालीच, "अहो, पोरीला सायकल कधी शिकवणार? ती म्हातारी झाल्यावर?"

तेव्हा कुठे त्याने नियम केला. सोपा! वर्षातून एकदा मोठ्या कंपन्यांची यादी घ्यायची, प्रत्येकीच्या लाभांशाला तिच्या शेअरच्या भावाने भागायचं, ज्यांचं उत्तर सगळ्यांत मोठं त्या दहा घ्यायच्या. मग वर्षभर ढुंकूनही बघायचं नाही. अर्ध्या तासाचं काम, आणि तेही माझं! मी असला फुगलो म्हणून सांगू! पोरीला तो म्हणाला, "आता सगळे रविवार तुझे."

आणि मग काय केलं माहितेय? नियम बरोबर आहे का, याचाच अभ्यास सुरू केला! दहाऐवजी आठ घेतले असते तर? मागच्या वर्षी घेतले असते तर? त्याच्या मागच्या? अरे, आगीतून फुफाट्यात! मी गाढवासारखा राबलो आणि सायकल जिन्याखाली होती तिथेच.

शेवटी निवडीचा रविवार आला. नऊ नावं झटपट निघाली. दहावी निघाली छत्र्यांची कंपनी, आणि हा अडला.

"हिची छत्री भर रस्त्यात उलटी झाली होती माझी! हिला कशी घेऊ?" असं म्हणून त्याने माळ्यावरून अहवालांचा गठ्ठा पुन्हा खाली काढला.

पोरगी दारात, डोक्यावर हेल्मेट. "बाबा, नियम म्हणजे नियम ना? मला बरा सांगतोस!"

"पाचच मिनिटं गं."

ती हेल्मेटचा पट्टा सोडायला लागली.

माझं टाळकंच सरकलं! त्याने बोट ठेवलं आणि मी पडदा कोरा केला. दाबलं, ठोकलं, हलवलं. नाही म्हणजे नाही!

"भंगार कुठलं!" मला म्हणाला. मला!

आणि चष्म्याचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझी पाठ उघडायला निघाला. पोरीने तो हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. "बंद पडलाय, बाबा. आता तरी चल."

त्याने गठ्ठ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. उठला एकदाचा. थोड्या वेळाने खिडकीखालून आरडाओरडा, "सोडू नकोस हं! बाबा, सोडलंस? सोडलंस ना!"

आणि मी टेबलावर, भंगार! मित्रांनो, आम्हां यंत्रांना जपा म्हणत नाही मी. पण एकदा काम सोपवलंत ना, मग सोपवा की! माझा सेल अगदी ठणठणीत होता. खरं सांगा, तो पट्टा सुटताना बघून तुम्ही दिलं असतं का त्याला पुढचं उत्तर?